संत्र्यांचा ताण आणि माझे बारा दिवस

आमच्या गावात त्या बागेविषयी दोन हकिगती सांगितल्या जातात आणि दोन्ही खोट्या आहेत. पहिली अशी की, मालक हैदराबादेत असल्याचे पाहून मी त्यांची संत्र्याची बाग मुद्दाम वाळवली, म्हणजे ती मला स्वस्तात मिळावी. दुसरी माझ्या मुलांची आहे. तिच्यात एकीकडे अडाणी गाव, दुसरीकडे जाणता बाप, आणि शेवटी बाप खरा ठरतो. पहिली सांगणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडलो. दुसरीला मात्र कधी हटकले नाही, कारण ती कानाला गोड लागते. आता दोहोंचाही समाचार घेतो.

निजामी अमदानीची ती अखेरची वर्षे. बाग कळंबपासून कोसभर अंतरावर होती. मालक हैदराबादेत वकिली करीत आणि वर्षातून एकदा हिवाळ्यात दोन दिवस येत. मी उर्दू शाळेत शिकलेला, शिवाय बार्शीकडे इंग्रज हद्दीतल्या एका बागेत दोन वर्षे काढलेला. म्हणून त्यांनी कारभार माझ्या हाती दिला. माझ्या हाताखाली एक मोटकरी होता, माझ्याहून वीस वर्षांनी वडील. मी त्याला मामा म्हणे, तो मला कारभारी.

झाडे पाच वर्षांची झाली, तेव्हा मी पहिला बहार धरायचे ठरवले. ज्वारी पिकवणाऱ्या मुलखाला हे शास्त्र ठाऊक नव्हते. संत्र्याला बारमाही पाणी दिले तर ते नुसते पानांनी माजते. भरघोस फुलोरा हवा असेल तर थंडीत पाणी तोडावे लागते, आळे उकरून मुळ्यांना ऊन दाखवावे लागते. पाने पिवळी पडून गळतात. मग मुळ्या झाकून, खत घालून पाणी सोडायचे, की तीन आठवड्यांत झाड फुलते. याला ताण देणे म्हणतात. ताण किती दिवसांचा, हे जमीन सांगते. हे वाक्य मला त्या वेळीही तोंडपाठ होते. ते मला समजले होते, असे मी म्हणणार नाही.

मोट थांबली आणि मध्येच वेळ अमावस्या आली. त्या दिवशी आमच्याकडे घरात कोणी राहत नाही. सारा गाव शेतात जेवतो आणि जाता येता इतरांची शेतेही पाहतो. साऱ्यांनी बाग पाहिली. पाने गळालेली, मुळ्या उघड्या. मामा आंबिलीचा लोटा घेऊन बांधावर उभा राहिला.

"कारभारी, आज येळवस हाय. आज तरी मुळ्या झाका. उघड्या काळ्या माईला निवद कसा दावू?"

"मामा, माई रुसायची नाही. तुम्ही खुशाल दाखवा."

शेजारचा एक जण भज्जीचा घास तोंडात ठेवूनच म्हणाला, "बार्शीचं शिक्षान लई भारी! आमी झाडं जगवाया पानी देतो, ह्ये मारून फळं मागतेत!" सगळे हसले. मी हसलो नाही. मला चेष्टा सहन होत नसे, अजूनही होत नाही.

आठवड्याने मालकांची थोरली बहीण आली. ती कळंबातच राहत असे; मी तिला आपासाहेब म्हणे, मामा बीसाहेब. पडदा लावलेल्या बैलांच्या दमणीतून ती उतरली नाही, आतूनच बोलली.

"ये क्या हाल करके रखे तुम? पत्ते किधर गये?"

मी ताणाचे शास्त्र सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. बांधावर आठदहा माणसे जमली होती.

"पानी कब देते?"

"बारा दिवसांनी, आपासाहेब."

"बारा बोले ना? सब सुने. भाई को वैसाच लिखती मैं."

बारा हा आकडा मी जमिनीकडे पाहून सांगितला नव्हता. माणसांकडे पाहून सांगितला होता.

त्या बोलण्यापासून सातव्या दिवशी मामाने नाल्याकडच्या झाडाची फांदी माझ्यासमोर मोडली. ती कटकन मोडली.

"आत वल न्हाय. हितं हातभर खाली मुरूम हाय, पानी धरत न्हाय. वरच्या काळ्या रानाला ऱ्हाऊ द्या पाच रोज, पर ह्या वळीला आज सोडा."

"बारा म्हणजे बारा."

"कुणाला दावायचंय?"

"तुम्ही मोट धरू नका, एवढंच."

"तुमी म्हनल्याबिगर म्या धरनार न्हाय," तो म्हणाला आणि बैलांपुढे कडबा टाकायला गेला. त्यानंतरचे पाच दिवस तो रोज सकाळी त्या ओळीतून चालत जाई. मला दिसेल अशा रीतीने जाई.

तेराव्या दिवशी सकाळी पाणी सोडले. पुढे काळ्या रानातली झाडे अशी फुलली की सुगंध रस्त्यापर्यंत जाई आणि चेष्टा करणारेच पाहुण्यांना बाग दाखवायला आणू लागले. माझ्या मुलांची हकिगत इथे संपते. नाल्याकडची एकोणीस झाडे मात्र फुटलीच नाहीत. महिनाभर मी त्यांना पाणी देत राहिलो, मग खोडावर नखाने ओरखडा काढून पाहिला. सालीखाली खोड कोरडे होते.

मालकांची बहीण पुन्हा आली. फुलोरा पाहून खूश झाली, पण नजर तीक्ष्ण होती.

"वो बाजू के झाडां?"

मी तोंड उघडण्याआधीच मामा पुढे झाला. "खाली मुरूम हाय, बीसाहेब. पानी धरत न्हाय. त्यात कुनाचा विलाज न्हाय."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता, फक्त शेवटचे वाक्य सोडून. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "खरं आहे." मालकांचे शाबासकीचे पत्र आले आणि कारभार माझ्याकडेच राहिला.

मामाने असे का केले, हे मी त्याला कधी विचारले नाही. विचारले असते तर सातव्या दिवसाविषयी बोलावे लागले असते. पुढच्या हिवाळ्यापासून ताण किती दिवसांचा, असे कोणी विचारले की मी म्हणे, "ते मामांना विचारा." खरे तर लोकांपुढे पुन्हा आकडा सांगायची माझी छाती होत नसे. पण मामाचा चेहरा खुले. कारभारी आपल्याला मान देतो, असे तो चार लोकांत सांगे. तो वारला तेव्हाही त्याची तीच समजूत होती, आणि मी ती तशीच राहू दिली.