आतेचा रंग

माझी आते, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, काळी होती. आमच्या घरातल्या इतर सावळ्या माणसांसारखी नव्हे. दाट काळी, आणि केस बारीक कुरळे. गावात तिला मागून ‘खाप्रीण’ म्हणत. लहानपणी मला ते तिचं टोपणनावच वाटायचं.

आमचं गाव आरोंद्याजवळ, खाडीकाठी. पलीकडे गोवा. तिथे पोर्तुगीज होते तेव्हा नाक्यावर आफ्रिकेतून आणलेले शिपाई असत. त्यांना इकडे खाप्री म्हणत आणि गोऱ्यांना पाकले. माझी आजी होडीतून पलीकडच्या बाजारात भाजी विकायला जायची. आजोबा मुंबईला नोकरीत, गणपतीलाच घरी येणारे. आते जन्मली तेव्हा लोकांनी महिने मोजले. महिने जुळत होते, पण रंग जुळेना.

वाडीत घाऱ्या डोळ्यांचं एक घर होतं. त्यांच्या कुणा पणजीविषयीही असंच बोलत, पण हसत, जरा कौतुकानं. “पाकल्याचो रंग तो,” म्हणायचे, आणि त्या घरच्या मुलींची लग्नं पटापट व्हायची. तिथे तो रंग रूप ठरला, आमच्याकडे लाज.

आतेचं लग्न एकदा जमलं होतं. साखरपुड्याचा दिवसही ठरला. मग कुणीतरी त्या लोकांच्या कानावर घातलं आणि निरोप आला, मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही. पुढे ती वेंगुर्ल्याला काजू फॅक्टरीत जाऊ लागली. तिथल्या मुकादमानं एकदा मागच्या शेडमध्ये तिचा हात धरला. ती ओरडली तर म्हणाला, “आरडतस कित्याक? तुमच्या घरात ह्या काय नवीन आसा?”

तिनं घरी येऊन सांगितलं. माझे वडील एवढंच म्हणाले, “तू एकटी मागे कित्याक गेलंस?”

तिनं काम सोडलं. मग ती आमच्याच घरात राहिली. मला तिनंच वाढवलं. शाळेत सोडायला यायची, पण फाटकापर्यंत नाही. वळणावर थांबून मी आत जाईपर्यंत बघत राहायची.

मी शिकले, सरकारी ऑफिसात लागले. रंगावरून कुणी बोललं की वाद घालायची. मग माझ्या मुलीला बघायला मंडळी येणार होती, त्या सकाळी मी स्वयंपाकघरात गेले. माहेराहून मदतीला आलेली आते नारळ खवत होती.

“आते, मंडळी येतली तेव्हा तू जरा मागच्या खोलीत...”

“बसतंय गो,” ती म्हणाली. माझं वाक्य तिनं पुरं होऊ दिलं नाही. हातही थांबवला नाही.

लग्न ठरलं. हॉलवर न्यायला मी तिच्यासाठी गाडी पाठवली, ती रिकामी आली. गुडघे दुखतायत, असा निरोप होता.

गेल्या वर्षी तिनं अंथरूण धरलं. एका दुपारी पेज भरवता भरवता मी विचारलं, “आते, आजीन तुका कधी काय सांगलेला?”

“काय?”

मी पेज ढवळू लागले. तिनंच ओळखलं.

“मी इचारूकच नाय. इचारला असता तर तिका वाटला असता, पोटच्या चेडवाकय माझो इस्वास नाय.” तिनं पेजेची वाटी हातानं बाजूला सारली. मग म्हणाली, “आणि समजा, झाला आसात. तो नाक्यावर बंदूक घेवन उभो, ही टोपली घेवन. तिका कोणी इचारल्यान, बाये, तुका काय झाला?”

आम्ही सगळ्यांनी जन्मभर आतेच्या अंगावर पुरावा शोधला. आजीला काय सोसावं लागलं असेल, हे पन्नाशी ओलांडली तरी माझ्या मनात आलं नव्हतं. आणि कदाचित काहीच झालं नसेल. आजोबांच्या आईला मी पाहिलेलंच नाही. तिचा रंग कसा होता, हे कुणी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आते पावसाळ्यानंतर गेली. बाराव्याला जावई आले. फोटोपुढे हात जोडून मला म्हणाले, “ह्या आत्याआजी ना? लग्नात दिसल्या नाहीत.”

“बरं नव्हतं त्यांना,” मी म्हणाले.

मुलगी शेजारीच उभी होती. मागच्या खोलीचं तिला सगळं माहीत होतं. ती माझ्याकडे न बघता आत गेली.