नाकराव आणि केळ्याचा वास

नाकरावांचं खरं नाव वर्कशॉपच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. बाकी सगळ्या जगाला ते नाकराव. नाक दिसायला चारचौघांसारखंच, ना फार लांब ना फार बसकं. पण ते कामाचं नाक होतं, आणि नाकरावांना त्याचा असा काही अभिमान होता की विचारू नका. सर्दी झाली तरी रुमाल अगदी जपून लावायचे.

वर्कशॉप अ‍ॅल्युमिनियमच्या दुरुस्तीचं. ट्रकचे रेडिएटर, एसीच्या कॉइल, कारखान्यांच्या टाक्या, जे जे म्हणून गळतं ते इथे यायचं आणि सांधून परत जायचं. सांधायला लागते फिलरची काडी. विणायच्या सुईएवढी, हातभर लांब धातूची काडी. ती वितळवून भेगेत भरायची. आता या काड्यांत दोन जाती. एकीत सिलिकॉन, दुसरीत मॅग्नेशियम, आणि दिसायला दोघी अगदी जुळ्या बहिणी. काडीच्या एका टोकाला नंबर ठोकलेला असतो, म्हणून शहाणा माणूस दुसऱ्या टोकाकडून वितळवायला घेतो. पण शहाणी माणसं सगळ्या पाळ्यांना पुरत नाहीत. कुणीतरी नंबराकडूनच सुरुवात करणार, उरलेलं थोटूक तसंच कपाटात कोंबणार, आणि दुसऱ्या दिवशी दुसराच कुणी ते हातात धरून विचारणार, "ही कुठली?" गरम टाकीला चुकीची काडी लागली तर सांधा आज झकास दिसतो आणि काही महिन्यांनी तडकतो. म्हणून नियम असा की बेवारशी काडी सरळ भंगारात. पण भंगारात टाकतंय कोण? नाकराव होते ना.

नाकराव गॅसचा टॉर्च पेटवायचे, काडीचं टोक ज्योतीत धरायचे, वर येणाऱ्या धुराकडे मान पुढे करून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मॅग्नेशियम." संपला विषय. कधी चूक नाही. धूर नाकातोंडात जाऊ देऊ नये, असं काडीच्या खोक्यावर ठळक छापलेलं असायचं. त्यावर नाकरावांचं म्हणणं, "ते नवख्यांसाठी आहे."

आता खरी गोष्ट सांगतो. हे नाक गेली चार वर्षं बंद होतं. बंद म्हणजे पार बंद. एका थंडीत सर्दी झाली, सर्दी गेली, वास काही परत आला नाही. आज येईल, उद्या येईल, करता करता वर्ष उलटलं. डॉक्टरकडे जायचं, तर त्यासाठी आधी कुणाला तरी सांगावं लागलं असतं, आणि नाकरावांना नाक नाही हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मग त्यांनी युक्ती काढली. मॅग्नेशियमची काडी जराशी ताठ असते, सिलिकॉनची मऊ. टॉर्च पेटवायच्या गडबडीत अंगठ्याने काडी हळूच वाकवून बघायची, उत्तर तिथेच कळतं. पुढचं डोळे मिटणं, हुंगणं, हलकेच मान डोलावणं, सगळा देखावा. एवढी अक्कल या माणसाने दवाखान्याची पायरी चढायला वापरली असती तर ही गोष्टच झाली नसती.

गॅसचं मात्र जड जात होतं. टॉर्चचा गॅस गळला तर वासानेच कळतो. म्हणून नाकराव रोज सकाळी नळीच्या सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचे, आणि लोक म्हणायचे, केवढी ही काळजी. एका दुपारी नळी मधेच चिरली. नाकराव हातात लायटर घेऊन उभे, आता ठिणगी देणार, तेवढ्यात मागून बोकड्याने हात धरला. "नाकराव, गॅस केवढा येतोय, तुम्हाला कळत नाहीये?" नाकराव म्हणाले, "कळतंय रे, तुझी परीक्षा घेत होतो." सगळे हसले. नाकरावही हसले, आणि मग संडासात जाऊन बराच वेळ बसून राहिले. त्या दिवसापासून लायटर हातात घेतला की ते आधी बोकड्या जवळ आहे का बघायचे.

हा बोकड्या म्हणजे हनुवटीवर चार केसांची दाढी मिरवणारा वेल्डर. दुसरा झुडूप, त्याची दाढी नावाप्रमाणे. आणि तिसरी दाढी खुद्द नाकरावांची, पन्नाशीनंतर उगवलेली, पांढरीशुभ्र, रोज विंचरलेली. या तीन दाढ्यांवर संकट आलं ते सेफ्टीताईंच्या रूपाने.

बाहेरच्या ऑफिसातून वर्षातून दोनदा कुणीतरी तपासणीला यायचं, या खेपेला या नव्या ताई आल्या. वयाने नाकरावांच्या मुलीएवढ्या, आवाज हेडमास्तरांचा. त्यांनी आल्या आल्या, सांधा धरावा म्हणून लावतात त्या फ्लक्सच्या पावडरीची उघडी बरणी झाकली, टेबलावरचा चहाचा कप उचलून बाहेर नेऊन ठेवला, धूर ओढणारा पंखा उलट्या दिशेने बसवलाय हे मालकांना दाखवलं, आणि मग नवे मास्क काढले. दोन्ही गालांवर गोल डबे असलेले. म्हणाल्या, "फिलर आणि फ्लक्सचा धूर यातूनच गाळायचा. आणि दाढी काढायची. केसांच्या फटीतून धूर आत जातो."

झालं. झुडूप म्हणाला, दाढी ही माणसाची खासगी बाब आहे. बोकड्या म्हणाला, माझी तर मोजायला घेतली तरी पाच मिनिटांत मोजून होईल. दोघांनी नाकरावांकडे पाहिलं. नाकराव पडले ज्येष्ठ. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "ताई, नुसतं बोलून काय होतंय? परीक्षा घ्या. दाढीसकट."

परीक्षा अशी असते. डोक्यावरून प्लास्टिकचा तंबू सोडायचा, आत केळ्याच्या वासाच्या तेलात भिजवलेला कागद टांगायचा. मास्क लावलेल्या माणसाने आत उभं राहून मान हलवायची, वाकायचं, मोठ्याने वाचायचं. केळ्याचा वास आला की मास्क गळतो, नापास. पण त्याआधी नाकाचीही चाचणी असते. दोन बाटल्या देतात, एकीत साधं पाणी, दुसरीत थेंबभर केळ्याचं तेल घातलेलं पाणी. कुठली केळ्याची ते सांगायचं. सेफ्टीताईंनी बाटल्या बाहेर काढल्या तशी सगळं वर्कशॉप खो खो हसत सुटलं.

"यांच्या नाकाची परीक्षा?" मालक डोळे पुसत म्हणाले. "अहो, हे धुरावरून काडीची जात सांगतात. ठेवा त्या बाटल्या. बाहेर ट्रक उभाय."

सेफ्टीताई नवीनच होत्या आणि ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्यांनी बाटल्या पिशवीत ठेवल्या. चूक झाली खरी, पण त्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी तीच केली असती.

नाकराव तंबूत शिरले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, ओणवे झाले, उठले. मग ताईंनी वाचायला फिलरच्या काडीचं सूचनापत्रक दिलं, आणि नाकराव आतून घुमणाऱ्या आवाजात वाचू लागले, "धूर श्वासावाटे घेऊ नये. काम करताना खाऊ-पिऊ नये. काम झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत. नुकत्याच सांधलेल्या धातूला उघड्या हाताने स्पर्श करू नये. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर रंग बदलत नाही." इतक्या वर्षांत त्यांनी ते पत्रक पहिल्यांदाच वाचलं असावं.

"वास येतोय?" ताईंनी विचारलं.

"अजिबात नाही," नाकराव म्हणाले. आयुष्यात इतकं खरं ते क्वचितच बोलले असतील.

दाढीसकट पास. टाळ्या पडल्या, बोकड्याने शिट्टी मारली. मालक म्हणाले, "एकाची पास तर तिघांची पास. आता दाढीचा विषय बंद, कामाला लागा." सेफ्टीताई कागदाकडे बघतच राहिल्या. "असं कधी होत नाही," त्या पुटपुटल्या. "मी उद्या पुन्हा येते." पण त्यांचं ऐकायला कोण थांबलंय? झुडूप मास्क लावून दाढीसकट टॉर्चकडे गेलाही होता, आणि कडेने निसटलेले केस मास्कच्या रबराबाहेर डोकावत होते. नाकरावांना ते दिसलं. त्यांनी मान फिरवली.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सगळी कथा रंगवून सांगितली. तंबू, मान हलवणं, टाळ्या. ती भाजी निवडत ऐकत होती. हसली नाही.

"केळ्याचा वास आला नाही म्हणता?"

"नाही ना. मास्क असा घट्ट बसला."

"अहो," ती भाजीतून डोकं वर न काढता म्हणाली, "गेल्या वर्षी दूध जळून भांड्याचा कोळसा झाला, तेव्हा तुम्ही शेगडीकडे पाठ करून पेपर वाचत बसला होतात. तेव्हा कुठला मास्क होता?"

नाकरावांनी तिच्या पुढ्यातली एक जुडी ओढून निवडायला घेतली.

"चार वर्षं मी तुमच्या वाटचा वास घेतेय. तुमचा डबा आंबलाय का, शर्ट धुवायला टाकायचा का, निजायच्या आधी शेगडीचा गॅस नीट बंद आहे का. घरात मी आहे. तिकडे कोण घेतं?"

"तू बोलली का नाहीस?" नाकरावांचा आवाज जेमतेम आला.

"तुम्ही कधी बोलताय, वाट बघत होते. हुंगायचं नाटक करायचात तेव्हा हसू यायचं, आणि मग वाईटही वाटायचं. किती ते जपावं माणसाने एका नाकाला." ती उठली, निवडलेली भाजी धुवायला घेतली. "आणि त्या झुडपाला खरं वाटलं असेल ना, की दाढीतून धूर जात नाही?"

नाकरावांना जेवण गेलं नाही. एरवीही चव कळत नव्हती म्हणा, पण त्या दिवशी भूकच मेली.

दुसऱ्या दिवशी सेफ्टीताई आल्या तेव्हा नाकराव दारातच उभे होते. "ताई, त्या बाटल्या काढा."

"कशाला आता?" मालक म्हणाले.

"काढा म्हणतो ना."

सगळे आपापली कामं टाकून गोळा झाले. नाकरावांनी पहिली बाटली नाकाला लावली, मग दुसरी. पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. फार सावकाश. मग दोन्ही टेबलावर ठेवल्या. "दोन्हीत पाणीच आहे."

बोकड्या हसला. त्याला वाटलं, नाकराव ताईंची गंमत करतायत. त्याने एक बाटली उचलून हुंगली आणि त्याचं हसू मावळलं. हातभर अंतरावरूनही केळं कळत होतं.

मग नाकरावांनी सगळं सांगितलं. थंडीतली सर्दी, अंगठ्याने काडी वाकवणं, साबणाचं पाणी, त्या दिवशीचा लायटर. बोलताना ते कुणाकडेच बघत नव्हते. सांगून झाल्यावर खिशातला लायटर काढून त्यांनी मालकांच्या पुढ्यात ठेवला. "टॉर्चवर मला ठेवू नका. एखाद्या दिवशी सगळ्यांना घेऊन जाईन. आणि कालची माझी परीक्षा खोटी आहे, तो कागद फाडा."

मालकांनी लायटर उचलला, खिशात टाकला आणि नुसती मान हलवली. सेफ्टीताई हळू आवाजात म्हणाल्या, "धुरानेच गेलं असं मी छातीठोक नाही सांगणार, काका. ते डॉक्टरांनाच दाखवायला हवं. आजच चला." काल हेडमास्तर असलेला आवाज आज मुलीचा झाला होता.

झुडपाला मात्र हे सगळं पटेना. दाढी वाचवायची होती ना. तो म्हणाला, "नाकराव, वाईट वाटू नका, पण नाकावाचून काय अडतं? चार वर्षं काम केलंतच की. गॅसला यंत्र बसवू, पिंपिं वाजेल. एवढ्यासाठी सगळ्यांनी दाढ्या का काढायच्या?"

नाकराव पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघत बोलले. "मुलीला मुलगी झाली तेव्हाची गोष्ट. दवाखान्यात जो तो तिला उचलायचा आणि तिच्या टाळूला नाक लावायचा. हिने लावलं, जावयाने लावलं, त्याच्या आईने लावलं. डोळे मिटून, अगदी तृप्त होऊन. मग माझ्या हातात दिली. मीही नाक लावलं. सगळे बघत होते. मी म्हटलं, वा. मला काही म्हणजे काही आलं नाही रे. खुर्चीची पाठ हुंगली असती तरी तेवढंच आलं असतं. आता ती दोन वर्षांची आहे. तो वास आता तिलाही नसेल. माझा तो राहिला तो राहिलाच."

उलटा पंखा तेवढा कोपऱ्यात घरघरत होता. झुडपाच्या बायकोला आठवा महिना लागला होता, आणि ही बातमी त्यानेच गेल्या आठवड्यात सगळ्या वर्कशॉपला ओरडून सांगितली होती.

झुडपाने मास्क टेबलावरून उचलला, आतून बाहेरून पाहिला, परत ठेवला. मग त्याने बोकड्याला विचारलं, "इथे जवळ न्हावी कुठे बसतो?"