पाच हात मागे

'नियम सगळ्यांना सारखा' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. अजूनही ते कानावर पडलं की माझं डोकं फिरतं.

आमच्या गावच्या कमिटीनं नियम काढला. जुनं घर आहे तसं राहू द्या, पण भिंत किंवा छत उतरवून नवं करायचं असेल तर गटारीपासून पाच हात मागे सरून बांधा. का, तर रस्ता रुंद हवा. ज्याचं घर पन्नास हात खोल, त्याचं पाच हात सोडून काय बिघडतं? आमचं घर सगळं मिळून बारा हात. पुढचे पाच हात म्हणजे आमची ओसरी, आणि तिथंच बसून बापू घोड्यांची खोगिरं शिवायचे. ती सारंगखेड्याच्या यात्रेत विकली की आमचं वर्ष निघायचं. ओसरी गेली की पोटावर पाय.

आमच्याकडे घरांना धाबं असतं, म्हणजे मातीचं सपाट छत. वैशाखात जुनी माती खरवडायची, खालचं कुजकं लाकूड बदलायचं, वर पाणी झिरपू न देणारी नवी खारी माती अंथरायची, अशी पूर्वापार रीत. पण शेजाऱ्यांनी माती खरवडली आणि कमिटीचा ओव्हरसियर दारात हजर. छत उतरवलंत, आता मागे सरा! त्या दिवसापासून गल्लीनं खरवडणंच सोडलं. गळलं की जुन्या मातीवर नव्या मातीची पाटी. काय अक्कल लढवली, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. दरसाल धाबं जड होत गेलं आणि खालची लाकडं कुजत गेली.

"लाकूडले हात लावू नको," बापू बजावायचे.

असली घरं विकत तरी कोण घेणार? गल्लीतल्या घरांना मातीमोल भाव आला, आणि पाच हात सोडूनही बांधता येईल अशा मोठ्या जागांचे भाव आभाळाला भिडले. हा नियम करणाऱ्या कमिटीतच बसणाऱ्या एका शेठजींनी आमच्या पाठीमागची दोन घरं पडत्या भावात घेतली. मग ते आमच्या घरावर टपून बसले.

एका सकाळी भाकरीच्या पिठात माती पडली. मायनं वर पाहिलं. मधली तुळई तडकली होती.

"पोरेसना जीव मोठा का ओसरी?" ती बापूंवर ओरडली.

बापू भर दिवसा वर चढले आणि सगळी माती खरवडून काढली. संध्याकाळी नोटीस आली. सात हातांच्या घरात राहायचं कुठं आणि शिवायचं कुठं? शेठजी म्हणतील त्या भावाला घर गेलं.

तिन्ही घरं पाडून त्यांनी दुमजली इमारत उठवली. गावात दुसरीकडे खोली परवडेना, म्हणून आम्ही तिथंच, आमच्याच जागेवर, भाडेकरू झालो. बापू शेठजींच्या दुकानात पोती शिवू लागले.

आणि रस्त्यासाठी सोडलेले पाच हात? वर्ष सरायच्या आत तिथं दुकानाचा ओटा आला, वर पत्रे चढले. ओव्हरसियर त्याच ओट्यावर बसून चहा प्यायचा, निर्लज्ज मेला!

माय रोज दुपारी सूप घेऊन त्या ओट्यावर बाजरी पाखडायला बसायची. एकदा शेठजींचा दिवाणजी तिच्यावर खेकसला, "बाई, ऊठ आठून. गिऱ्हाईकनी जागा शे."

मायनं सूप खाली ठेवलं नाही. "हाई मन्ही ओसरी शे. तूच ऊठ."

आत पोतं शिवत बसलेल्या बापूंनी मान वर केली नाही.