चष्म्याच्या पैशांची पुस्तकं

कोल्हापुरात जुनी पुस्तकं कुठं मिळतील, असं एका वाचक मैत्रिणीनं विचारलंय. सांगते. पण मी तिथं पुस्तकांसाठी गेलेच नव्हते, आम्ही गेलो होतो आबांच्या डोळ्यांसाठी.

आबा म्हणजे माझे वडील, आजऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. आणीबाणी नुकतीच उठली होती. मी कॉलेजची शेवटची परीक्षा देऊन घरी बसले होते, आणि आबा वर्तमानपत्र नाकाला टेकवून वाचायला लागले होते. एक दिवस त्यांनी चहा बशीत न ओतता बशीबाहेर ओतला आणि आईनं आमचं जायचं ठरवूनच टाकलं. चष्म्याचे पैसे तिनं आबांच्या आतल्या खिशात ठेवले, वर पिन लावली.

सकाळची एसटी निपाणीवरून जायची. आजही याच वाटेनं जा, पण उजव्या खिडकीशी बसू नका, ऊन सोसवत नाही. कागलला गाडी थांबली की ऊस चघळणारी माणसं आत शिरायची आणि सगळी गाडी मोठ्यानं बोलायला लागायची.

डॉक्टर मोजकं बोलणारे होते. "डोळ्याच्या मागचा पडदा झिजत चाललाय, मास्तर. याला ऑपरेशन नाही. जाड भिंगाचा चष्मा करा. वर्षभर नीट वाचता येईल. पुढं अक्षर सापडणं कठीण."

"आणि चष्मा नाही केला तर?" मी विचारलं.

"तर ते वर्षही नीट मिळायचं नाही."

आबांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि विचारलं, "मिसळ खाऊया काय गं?"

चष्म्याचं दुकान दुपारचं बंद होतं. कोल्हापुरात दुपारी दुकानदार घरी जाऊन जेवतात, झोपतात, आणि गिऱ्हाइकानं त्याबद्दल तक्रार करायची नसते. तुम्हीही वेळ बघूनच जा. आम्ही मिसळ खाल्ली. कट मागाल तेवढा मिळतो, पण पहिल्याच घासाला शूरपणा करू नका. नाक पुसत पुसत लक्ष्मीपुरीत आलो, तर तिथं एक रद्दीचं दुकान तेवढं उघडं होतं.

"पावणं, उन्हात कशाला उभारलासा? आत या की," मालक म्हणाले. त्यांचं नाव दस्तगीरभाई. कुणा वकिलाच्या घरचं अख्खं कपाट त्यांच्याकडं रद्दीत आलं होतं. दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे, शिकारीच्या गोष्टी, प्रवासवर्णनं, इतिहास. सगळं तागडीवर, वजनानं. कादंबरी आणि पंचांग एकाच भावात!

आबा खाली गोणपाटावर बसले. एकेक पुस्तक दाराच्या उजेडात धरायचे, पहिली ओळ मोठ्यानं वाचायचे आणि म्हणायचे, "हे ठेव." मीही मागं राहिले नाही, माझ्याही दोन-चार कादंबऱ्या ढिगात सरकवल्या. आमच्या घरी पुस्तक शाळेतून यायचं आणि परत जायचं. आपलं, स्वतःचं, न परतवायचं पुस्तक आणि तेही पोतंभर! आबांचा तेव्हाचा चेहरा मी नंतर कधी पाहिला नाही.

"एवढं कवा वाचणार, मास्तर?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

"दिसतंय तवर!" आबा म्हणाले, आणि आम्ही तिघंही खो खो हसलो. डॉक्टरकडून येऊन दोन तास झाले नव्हते आणि आम्ही हसलो.

तागडी उतरली तेव्हा वरच्या खिशातले पैसे पुरेनात. आबांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. मग त्यांनी आतल्या खिशाची पिन काढून माझ्या हातात दिली.

"चष्मा दिवाळीत करू. दुकान काय पळून चाललंय?"

"न्हाय, न्हाय, हितंच असतंय की," दस्तगीरभाई म्हणाले.

संध्याकाळी गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यालो. आजही मिळतं, जरूर प्या. स्टँडवर दोन पोती बघून कंडक्टर म्हणाला, "गूळ हाय काय?"

"पुस्तकं," मी म्हणाले.

"मग टाका बिनघोर टपावर. कोण न्हाय चोरत."

तरीही कागलला आबा खाली उतरून पोती बघून आले.

घरी आईनं पोत्याचं तोंड सोडलं आणि कपाळावर हात मारला. "डोळं करायला गेलतासा का रद्दी आणायला?" आबा हसत होते. मीही हसत होते.

दिवाळीत आई आजारी पडली. मग माझं लग्न ठरलं, मग ते पार पडलं. आबा भर उन्हात अंगणात बसून वाचायचे. त्यांची त्या ढिगातली पाच-सहा पुस्तकं झाली असतील. चष्म्यासाठी पुन्हा कोल्हापूर गाठलं ते पुढच्या उन्हाळ्यात. डॉक्टरांनी भिंगामागून भिंग बदललं. शेवटच्या भिंगाला आबा घाईनं म्हणाले, "आता दिसतंय की! झकास!" डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. आम्ही चष्मा केला.

तर, मैत्रिणी, लक्ष्मीपुरीत बघ, आणि जमेल तेवढी पुस्तकं घे. मी तुला अडवणार नाही. तो ढीग माझ्याकडं आहे, आणि ती दुपार माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या दुपारींपैकी एक आहे. पण ते एक वर्ष आबांचं होतं, आणि ते आम्ही दोघांनी मिळून हसत हसत तागडीत घातलं. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

चष्मा आणल्यावर मी चार दिवस माहेरी राहिले. आबा रोज खिडकीशी बसायचे, नवा चष्मा लावून, मांडीवर प्रवासवर्णन. मान डावीकडून उजवीकडं, ओळीमागून ओळ. पान संपलं की बोटाला थुंकी लावून उलटायचे. मला इतकं बरं वाटलं की मी चहा घेऊन त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले.

पानावर मजकूर नव्हताच. पानभर जहाजाचं चित्र होतं. आबांची मान त्यावरून सावकाश फिरत होती, डावीकडून उजवीकडं, वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत.

"आबा, मी वाचून दाखवू?"

"नको गं," ते म्हणाले, "आत्ताच कुठं रंगात आलंय."