भिंतीआडचा पंखेवाला

नगरहून पाथर्डीकडे जाताना डाव्या हाताच्या माळावर एका इंग्रज कर्नलने बांधलेला बंगला आहे. गोऱ्याचं नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून सगळे नुसतं कर्नलचा बंगला म्हणतात. आता तो काकासाहेबांचा. काकासाहेब मोठा हुन्नरी माणूस. त्यांनी घोड्यांच्या पागेत बाकडी टाकली, कुठूनतरी मडमेची आरामखुर्ची पैदा केली, आणि हॉलमधला विजेचा पंखा काढून छताला जुन्या धर्तीचा झालरीचा पंखा टांगला. लांबलचक फळी, तिला कापडाची झालर, आणि तिची दोरी भिंतीतल्या भोकातून पलीकडच्या व्हरांड्यात. दोरी ओढली की आत वारा. एका दिवसाच्या सहलीला आलेली माणसं त्या वाऱ्याखाली पिठलं-भाकरी जेवतात आणि म्हणतात, काय थाट होता बुवा साहेबांचा. दोरी ओढणाऱ्याला तो थाट कधी दिसत नाही. तो भिंतीच्या मागे बसतो. तो म्हणजे आपला अलीम.

अलीम भिंगारचा. उमेदीची सगळी वर्षं त्याने स्टेशन ते भिंगार टांगा हाकला. टांग्यावर बसला की त्याची मान अशी ताठ असायची की सवारीने भाव करायला बिचकावं. मग रिक्षा बोकाळल्या, घोडी म्हातारी होऊन गेली, आणि अलीमने हमाली केली, मंडपवाल्याच्या खुर्च्या वाहिल्या आणि शेवटी बंगल्यावर वॉचमन म्हणून लागला. पंखा टांगला तेव्हा काकासाहेब म्हणाले, "तुझा लगाम धरायचा हात आहे, दोरी तूच धर." पांढरा कोट, पितळी बटणं, लाल फेटा, सगळं आलं. नावसुद्धा नवीन आलं. अलीम हे नाव पाहुण्यांना जुनं वाटणार नाही, म्हणून तो बाबूखान झाला. अलीमने तेही हसून घेतलं, पण मनात एक गोष्ट सलत राहिली. लगाम ओढला की माणूस कुठंतरी पोचायचा. ही दोरी दिवसभर ओढा, बूड आहे तिथंच.

बरं, हे त्याने पोरीच्या सासरी सांगितलं होतं का? तिथंच तर घोडं पेंड खात होतं. अफ्रीनला जामखेडचं स्थळ आलं, तेव्हा मध्यस्थाने फुशारकी मारली, "अलीमभाई कर्नलच्या बंगल्याचे मॅनेजर आहेत." अलीमने तोंड उघडलं होतं, खोटं नाही सांगत. पण समोर बसलेली मुलाची आई, चांदबी, लगेच म्हणाली, "मग लई चांगलं झालं, शिकलेल्या घरची पोरगी पायजेच हुती." आणि अलीमचं तोंड मिटलं ते मिटलंच. पडद्यामागे अफ्रीन ऐकत होती. तिला सगळं ठाऊक होतं. तिने अब्बाकडे पाहिलं, अब्बाने जमिनीकडे. लग्न झालं.

ईद होऊन आठवडा झाला होता. रविवार, ऊन मी म्हणत होतं. दुपारी एक जीप येऊन थांबली, माणसं आत शिरली, बंगला दाखवणाऱ्या मोनिकाचं "या या, बसून घ्या" सुरू झालं आणि अलीमने सवयीने दोरी ओढायला घेतली. मग भिंतीपलीकडून आवाज आला.

"अगं बाई, छताला पाळणा टांगलाय का काय हा?"

चांदबीचा आवाज. पाठोपाठ जावयाचा, शाहरुखचा आवाज, "अम्मी, पंखा आहे तो. आणि तू काही बोलू नको हां, अब्बांना सरप्राइज द्यायचंय." आणि मग अगदी बारीक असा अफ्रीनचा आवाज, "आपण बाहेर झाडाखालीच बसू ना. इथं कोंदट वाटतंय."

"कोंदट कुठं, चांगला वारा येतोय की," चांदबी म्हणाली आणि बसली. खुर्ची करकरली.

अलीमला कळलं, पोरगी त्याला सोडवायला बघते आहे. सकाळपासून जीपमध्ये तिने काय काय बहाणे केले असतील, देव जाणे. पण सुटायचं कसं? व्हरांड्याचा तो कोपरा तिन्ही बाजूंनी बंद. बाहेर पडायची वाट थेट हॉलच्या दारासमोरून. आणि पाहुणे जेवत असेपर्यंत दोरी थांबवायची नाही, हा काकासाहेबांचा कायदा. त्याहून वाईट पुढे होतं. जेवणं उरकली की पाहुणे बाहेर येतात, पंखेवाल्याशेजारी बसून दोरी ओढतात, फोटो काढतात. सहलीतला तोच तर मोठा खेळ. म्हणजे भाकरी संपेपर्यंतच अलीमची अब्रू शाबूत. आपणच आपल्याला फास लावावा, तसा तो ओढत राहिला.

"इथले मॅनेजर कुठं हायती?" चांदबीने मोनिकाला विचारलं.

"मॅनेजर? आमच्याकडे काकासाहेब स्वतःच..."

"अम्मी, अब्बांची आज सुट्टी असेल," अफ्रीन मध्येच घाईने म्हणाली.

"असं कसं, फोन करून इच्यारते की."

आणि अलीमच्या कोटाच्या खिशात फोन वाजायला लागला. भिंत जाड, पण भोक होतंच. त्याने घाबरून डोक्यावरचा फेटा ओढला आणि दोरीभोवतीच्या भोकात कोंबला, म्हणजे आवाज पलीकडे जायला नको. अहो, पण त्याच भोकातून दोरी जात होती ना! फेटा तिथं गच्च बसला आणि पंखा जागच्या जागी थिजला.

"सलाम अलीमभाई," फोनमधून चांदबी म्हणाली. "आमी तुमच्या बंगल्यावर आलोय, तुमचा पत्ता न्हाई."

"मी... मी नगरला आलोय ताई, एका लग्नाला," अलीम तोंडावर हात धरून कुजबुजला. "आधी सांगितलं असतं तर थांबलो असतो."

"असूंद्या असूंद्या. दम का लागलाय एवढा?"

"जिना चढतोय."

"बाबूखान, पंखा!" हॉलमधून काकासाहेब ओरडले. अलीमने फोन बंद केला आणि फेटा उपसला. तो पार उलगडला होता. नीट बांधायला वेळ कुठला? पण तेवढ्यात त्याला सुचलं, आणि बुडत्याला काठ दिसावा तसं झालं. त्याने चष्मा खिशात टाकला, फेटा डोक्याभोवती गुंडाळला आणि उरलेलं टोक नाका-तोंडावरून घट्ट लपेटलं. फक्त डोळे उघडे ठेवले. आणि दोरी ओढत बसला.

जेवणं संपली. खुर्च्या सरकल्या. "चला, आता आमच्या बाबूखानसोबत फोटो," मोनिका म्हणाली.

सगळ्यांच्या पुढे अफ्रीन आली. जवळजवळ धावतच. तिने पाहिलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली. बापाला ती कशानेही ओळखेल, हातावरून, बसण्यावरून. लग्नानंतर तो तिला पहिल्यांदाच बघत होता. वाळली होती थोडी. तिचे ओठ हलले, आणि अलीमने मान अगदी जराशी, नाही म्हणून, हलवली.

मागून चांदबी आली. "एवढ्या उन्हात त्वांड का बांधलंय ह्यांनी?"

अलीमने घसा धरून दोनदा खोकल्यासारखं केलं.

"धूळ लागते त्यांना," अफ्रीन म्हणाली.

"बस गं तू शेजारी," शाहरुखने मोबाईल वर धरला. "दोरी धर."

ती ओट्यावर टेकली. जागा कमी होती. समोर बघत, अगदी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "काका, जरा सरका."

अलीम सरकला. दोघांनी मिळून दोरी ओढली. फोटो निघाला. मग चांदबीने ओढून पाहिली, हात चोळत म्हणाली, "दिवसभर हेच करत्यात का हो बिचारे?" आणि जावयाने जाता जाता खिशातून एक नोट काढून बाबूखानच्या हातावर ठेवली. बाबूखानने सलाम केला. कुणी ओळखलं नाही. जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि जीपचा आवाज माळावर विरेपर्यंत अलीमला तोंडावरचा फेटा काढवला नाही. आत डोळे, नाक, सगळं ओलं झालं होतं. इतकी वर्षं लोकांनी त्याला ए टांगेवाला, ए हमाल, बाबूखान, काय काय म्हटलं, त्याचं काही वाटलं नाही. काका या शब्दाने मात्र त्याचं काळीज फाटलं. आणि तो शब्द त्यानेच तिच्या तोंडी दिला होता.

दिवेलागणीला तो फेटा घडी करत बसला होता, तेव्हा फोन आला.

"पोचलो आम्ही," अफ्रीन म्हणाली. "अम्मी खूश आहेत. पुढच्या महिन्यात नणंदेला घेऊन परत यायचं म्हणतात. तेव्हा तुम्ही सुट्टी घेऊ नका, असा निरोप दिलाय."

"बरं," अलीम म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

पलीकडे भांडी वाजत होती.

"अब्बा."

"हं, बोल बेटा."

"अब्बा."

"अगं, बोल की."

"काही नाही. दिवसभर म्हणायचं राहिलं होतं."