एकविसाव्या विटेपाशी

खोटं कशाला बोलू, आमच्या धाकट्या दिरांना मी आठ दिवस चक्क हलकट समजत होते. आता आठवलं की हसून हसून ठसका लागतो, पण तेव्हा मला खरोखर शिसारी आली होती. झालं असं, की मी चहा घेऊन वर गेले, तर दार अर्धवट लोटलेलं आणि आतून भावोजींचा आवाज, "जरा खाली… अजून खाली… हां, पायाशी… शी, सगळं झाकून टाकलंय!"

वरच्या खोलीत एकटा राहणारा सत्तरीचा माणूस कॉम्प्युटरला नाक लावून असलं बोलायला लागला तर काय समजायचं? चहा पायरीवर आपटला आणि खाली येऊन आमच्या ह्यांना म्हटलं, "तुमच्या भावाचं लक्षण काही ठीक नाही."

ह्यांनी पेपरातून डोकंसुद्धा काढलं नाही. "दगड बघत असेल," म्हणाले.

दगड! मला वाटलं, भाऊ भावाला पाठीशी घालतोय.

पण खरंच दगडच होते. भावोजींनी मोजणी खात्यात बत्तीस वर्षं काढली. घरात आम्ही त्यांना फूटपट्टीच म्हणतो. साबणाची वडी अर्धी करायची तरी हा माणूस आधी मधोमध पेन्सिलीनं रेघ मारणार. रिटायर झाले तेव्हा त्यांची एक खाकी पँट फेकायला निघाली होती. तिचा खिसा मी उसवून माझ्या कामाच्या गाऊनला लावला. इतका दणकट खिसा, की गाऊन विटला तरी तो हटत नाही. चावी, कपड्यांचे चिमटे, सगळं मावतं त्यात.

तर ते दगड. मोजणी करायची म्हणजे सुरुवात कुठून तरी पक्क्या जागेवरून करावी लागते. म्हणून पूर्वी कोपऱ्याकोपऱ्यावर हातभर उंच दगड रोवलेले असायचे, डोक्यावर फुली कोरलेली. भावोजींचे गुडघे गेले, चालणं सुटलं, तेव्हा त्यांना समजलं की डोक्यावर कॅमेरे लावलेली एक गाडी गल्लीबोळांतून फिरून फोटो काढून गेलीये आणि ते घरबसल्या बघता येतात. नुसते आजचे नाहीत, मागच्या वर्षांचेही. झालं! हा माणूस खुर्चीत बसून गावभर फिरायला लागला.

आठ दिवसांनी मी हिय्या करून आत शिरले. "भावोजी, बघू तरी काय बघताय."

"बघा वहिनी, पण पोटात काही नसेल तर बघा."

एक दगड कुठल्याशा दुकानाच्या संडासाची पायरी झालेला. दुसऱ्यावर रंगाऱ्यांनी वर्षानुवर्षं ब्रश पुसलेले. तिसऱ्याकडे तोंड करून एक गृहस्थ उभे, पाठ आपल्याकडे आणि पाय फाकवलेले. सांगायला नको काय चाललं होतं ते. गाडीवाल्यांनी लोकांचे चेहरे तेवढे धूसर केलेले असतात.

"शी शी शी! चेहरा पुसला आणि बाकीचं ठेवलं!" मी डोळ्यांवर हात घेतला.

"आम्ही ह्या दगडावर ओळंबा लावताना चपला काढायचो," भावोजी म्हणाले. त्यांचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं होतं.

हे कौतुक चालू असतानाच आमच्या घरावर लाल पट्टा आला. रस्ता रुंद करायचा होता. मोजणीचे साहेब आले, टेप टाकला आणि आमच्या पुढच्या खोलीच्या बरोबर मधून रंग मारून गेले. पट्ट्यापासून रस्त्याच्या बाजूचं सगळं पाडणार. ह्यांची आरामखुर्ची, माझं शिवणाचं मशीन, खिडकी, सगळं त्याच बाजूला!

भावोजी काठी टेकत खाली आले, पट्टा बघितला. "मोजलं कुठून?"

"तो काय, दगडावरून," साहेब म्हणाले.

भावोजींनी मान वळवली आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता हे उलटी करणार. "अहो, तो सायकलवाल्याचा दगड आहे! रिम ठोकायला आणलाय त्यानं! त्याच्यावर फुली कुठाय?"

"झिजली असेल."

"झिजायला ती काय तुमची अक्कल आहे?"

साहेब चिडले. म्हणाले, खरा दगड दाखवा, सोमवारपर्यंत. भावोजी म्हणाले, नकाशात तो आपल्या कोपऱ्यावर आहे, भिंतीला लागून. पण त्या कोपऱ्यावर होता आमच्या गल्लीचा उकिरडा, माणसाच्या छातीइतका. पुरावा आणा मग उकरू, असं सांगून साहेब रुमाल नाकाला लावून गेले.

मग भावोजी चार दिवस खुर्चीतून हलले नाहीत. एकेक वर्ष मागे जायचे. ढीग छातीपासून कमरेला आला, कमरेचा गुडघ्याला. मागे जाताना कचरा कमी होत होता. आपण इतकी घाण करत पुढे आलो म्हणायचं! शनिवारी सकाळी त्यांनी हाक मारली. अकरा वर्षांपूर्वीचा फोटो होता. चारच पिशव्या, आणि त्यांच्या मागून डोकावणारी दगडाची एक कड. वर अर्धी फुली.

"फाटकाच्या खांबापासून विटा मोजा," म्हणाले. मी पडद्यावर बोट ठेवून मोजल्या. एकवीस.

सोमवारी साहेब आले, सफाईची माणसं आली. फावडं पहिल्यांदा आत गेलं आणि जो वास सुटला! काळं पाणी, केसांचे गुंते, फुगलेला उंदीर, कुणाच्या तरी लेकराचे लंगोट, आणि सगळ्यांवर वळवळणाऱ्या अळ्या. मी नाल्यापाशी जाऊन सकाळचा चहा परत केला. भावोजी मात्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तिथंच उभे, भिंतीवरच्या विटा मोजत. "अठरा… एकोणीस… आणखी इकडे."

एकविसाव्या विटेपाशी फावडं खणकन वाजलं.

त्यांनी स्वतःच्या रुमालानं तो दगड पुसला. फुलीच्या खाचेत अळी होती, ती काडीनं काढली. साहेबांनी मुकाट्यानं टेप लावला. नवा पट्टा गेला आमच्या पायरीच्या बाहेर, पुरता हातभर. ह्यांनी आत जाऊन आरामखुर्चीत बसून घेतलं, जणू कुणी उचलून नेत होतं.

मी मात्र तापले होते. "त्या समोरच्या बिल्डिंगवाल्यांना बोलावून दाखवा हे! त्यांनीच सुरुवात केली कचऱ्याची. मी वर्षानुवर्षं सांगतेय!"

"त्यांनी नाही केली," भावोजी म्हणाले.

"त्यांनीच! पैज लावते."

"वर या."

वर गेले. पडद्यावर तीच जागा, त्या फोटोच्याही थोडी आधीची. ढीग नाहीच. स्वच्छ भिंत, अख्खा दगड, आणि भिंतीवरून वाकून दगडाशेजारी पिशवी टाकणारी एक बाई. चेहरा धूसर.

मी मान तिरकी करून बघितलं. "कोण बाई आहे कुणास ठाऊक. चेहरा कुठं दिसतोय?"

"नाही दिसत."

"मग? अशा अंगकाठीच्या छप्पन्न बाया आहेत गल्लीत."

"असतील."

"गाऊन तर काय, बाजारात ढिगानं मिळतात असले."

भावोजींनी फोटो मोठा केला. अजून मोठा. गाऊनच्या उजव्या बाजूला एक खाकी खिसा आला, पडदाभर.

"वहिनी," ते म्हणाले, "त्या खिशात मी बत्तीस वर्षं टेप ठेवलाय."

माझा हात खिशात होता. तो मी हळूच बाहेर काढला.