गुरुवारचा हशा

लंडनला जायला निघालो आणि देवगडच्या बंदरात बोटीकडे नेणाऱ्या पडावात आम्ही चढलो, तेव्हा सगळे डोळे पुसत होते आणि माझ्या सासूबाई धक्क्यावरून ओरडत होत्या, "गो, ह्येका मधी बसव! कडेक बसलो तर पोटातला सगळा देवगडाकच देतलो!" पडावातली अनोळखी माणसंही हसली. आमच्या यांचा चेहरा मात्र तेव्हाच पडला होता. आईंचं हे असंच. कुणकेश्वराच्या वाटेवरच्या आमच्या गावात दशावतारी नाटक आलं की त्या पुढे चटईवर बसायच्या आणि तिथूनच नटाला उत्तर द्यायच्या. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतो. त्यामुळे आईंच्या एका टोल्यावर राजा गडबडायचा आणि मांडवभर हशा पिकायचा. गावी राहिलेल्या तुम्हां सगळ्यांना ते आठवत असेलच.

लंडनला आमचं बस्तान बसलं. हे बिस्किटांच्या कारखान्यात, मी कोट शिवायच्या. काही वर्षांनी मामंजी गेले, आई एकट्या उरल्या, म्हणून हे जाऊन त्यांना घेऊन आले. आणि इथे आल्यावर त्यांचं बोलणंच आटलं. मी शिफ्टवरून यायची तर त्या खिडकीशी बसलेल्या, अंगावर माझा जुना कोट, पुढ्यात गार झालेला चहा. "आई, जेवलात?" "जेवलंय." एवढंच.

एक दिवस त्या यांना म्हणाल्या, "रे दिगू, माका घराक धाड. हयसर माझा बोलणा कोणाक कळणा नाय." गावी घराला कुलूप, घरात कोणी नाही. तरी हे म्हणाले, थंडी सरली की तिकीट काढतो. मला तेव्हा दिवस गेले होते, पण केवळ त्यासाठी नव्हे, मला त्या हव्या होत्या. माझी आई मी लहान असतानाच गेली; पोट धरून हसायला मला शिकवलं ते या बाईने. थंडी सरेपर्यंत त्यांना हसवायचंच, असं मी मनाशी धरलं.

आम्ही भाड्याने टीव्ही आणला. आई म्हणाल्या, "भाड्यान? मग बोलूक दोन माणसां पन हाडूची होती." मला वाटलं, गाडी रुळावर येतेय. पण काय लावावं हा पेच. एका मालिकेत पहिल्याच झटक्यात कुणाला तरी गोळी घातली. इस्पितळाची मालिका लावली, तर तिच्यातल्या अनोळखी पेशंटसाठी आईंनी दुसऱ्या दिवशी उपास केला. एका विनोदी मालिकेत नवराबायको सारखे मुके घेत. हे गॅसचा मीटर बघायला उठून गेले आणि ती संपेपर्यंत आलेच नाहीत. दुसरी नुसती बोलघेवडी, तिच्यातलं मलाही निम्मं कळेना. मला हवं होतं साधंसुधं काहीतरी: भांडण, लपवालपवी, फजिती, आणि शेवट गोड.

ते सापडलं गुरुवारी संध्याकाळी. एक जाडा भाजीवाला, त्याची तिरसट बायको आणि घरात ठाण मांडून बसलेला मेव्हणा. मेव्हण्यापासून लपवायला भाजीवाल्याने दारूची बाटली बटाट्यांच्या पोत्यात खुपसली. बायको आली, इकडेतिकडे शोधू लागली. आणि माझ्या शेजारून, किती तरी महिन्यांनी, तो धक्क्यावरचा आवाज उठला, "पोत्यात बघ गो, पोत्यात! मेलो बटाट्यांत लपयता!"

त्याच क्षणी टीव्हीतली माणसं खो खो हसली.

आई दचकल्या. मग ताठ बसल्या. "ही हसणारी माणसां खंय बसली हत?"

"नाटकाला आलेले लोक आहेत, आई."

"हसली मगो! माझ्या बोलण्यार हसली!"

"आये, अगो तो हशा आधीच टेप केलेलो..." हे सांगू लागले. मी यांना असा काही चिमटा काढला की पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

मग दर गुरुवारी आई केस विंचरून, लुगडं बदलून टीव्हीपुढे बसू लागल्या. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण कोण कुणाला फसवतंय हे त्यांना माझ्याआधी कळे. त्या टोला हाणत, हशा येई. कधी हशा आला नाही, तर म्हणत, "आज माणसां दमली हत." आवाज कशाचा म्हणून विचारायला खालची घरमालकीण वर आली, ती आईंकडे बघत हसत तिथेच बसली.

थंडी सरली. हे म्हणाले, "आये, गुरुवारी रजा घेतलंय. बोटीच्या ऑफिसात जावया."

"बेस्तरवारी? बेस्तरवारी माका खंय येवक गावतला? ती माणसां वाट बघतली."

"मग शुक्रवारी?"

"सुक्रारचा सुक्रारी बघूया."

मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड खुपसून रडले, आनंदाने. शुक्रवार येत-जात राहिले. तिकिटाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आता आमचा मुलगा आजीच्या मांडीवर बसून मालवणीत टोले द्यायला शिकलाय. गाव कुठलं विचारलं तर मी अजून कुणकेश्वराकडचंच सांगते, ते बदलणार नाही. पण गुरुवारी शिफ्ट संपवून जिना चढताना वरून आधी आईंचा आवाज येतो आणि मागून हशा. मग कोटात किल्ली शोधायची घाई उरत नाही. मी घरी पोचलेली असते.